घरातला समुद्र

प्रश्न : ठाण्यात राहतो. 200 लिटरची टाकी घेतली आहे. मालवणहून प्रवाळाचे तुकडे आणून त्यात मासे सोडले तर चालेल का?

उत्तर : प्रवाळ आणू नका, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही नको. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी घेऊ नका. सच्छिद्र सिरॅमिक दगड रचा, त्यांवरही सुंदर रीफ उभी राहते.

आरओचं पाणी घ्या, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ विरघळवा (स्वयंपाकाचं नव्हे), तापमान 25-26 अंश ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलर लागतोच, त्याचा खर्च आधी धरा. मग चार ते सहा आठवडे मासा सोडू नका. या काळात दगडांवर जिवाणू वाढतात आणि अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय घाई केली, तर मासे तडफडून मरतात. हे मला बघवत नाही, म्हणून पुन्हापुन्हा सांगतो.

काचेच्या कडेला पांढरी मिठाची पापडी धरेल. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याचीच घाला.

सुरुवात क्लाउनफिशच्या एका जोडीने करा, तीही टाकीत पैदास झालेली. मुलं निळा टँग मागतील. तो फूटभर वाढतो आणि बहुधा समुद्रातूनच पकडलेला असतो. या टाकीत त्याचे हाल होतील.