बारावीनंतर व्यापाराचे शिक्षण : कॉलेजांची यादी कशी करावी?



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते यांविषयी बोलतो. या वेळचा विषय निराळा आहे. गट कार्यालयात ऊसनोंदीचे काम आटोपले की हल्ली बरेच सभासद खुर्ची पुढे ओढून विचारतात, “साहेब, पोरगं बारावीला आहे, धंद्याचं डोकं आहे त्याला, कुठं घालावं?” पूर्वी मी एका नावात उत्तर देत असे. आता देत नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

२०१९ साली माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलाची बारावी झाली. पोरगा हुशार, व्यवहाराला चोख. त्याची यादी मीच करून दिली. चार नावे लिहिली आणि चारही अशी, की जिथे हजारो अर्जांतून थोडी मुले घेतात. तालुक्याच्या कॉलेजचा फॉर्मसुद्धा भरला नाही; “तिथं कोण जातंय” असे मीच म्हणालो होतो. जून संपला आणि हातात एकही जागा नाही. मग एक मध्यस्थ भेटला, व्यवस्थापन कोट्यातून एका कॉलेजात प्रवेश झाला, आणि बंधूंच्या उसाचे अख्खे बिल त्यात गेले. पहिल्याच वर्षात पोरगा परत आला. पैसे गेले ते गेलेच, वर्षही गेले. चूक पोराची नव्हती.

आपण सगळे रान एकाच जातीखाली ठेवत नाही. चांगल्या रानात को ८६०३२ घेतो, खारवट पट्ट्यात फुले २६५ घेतो. कॉलेजांच्या यादीचेही तसेच आहे. सात-आठ नावे असावीत : दोन अवघड, तीन-चार साजेशी, दोन खात्रीची. कोणते नाव कशात बसते हे ऐकीव माहितीवर ठरवू नये. त्या कॉलेजात मागच्या दोन वर्षांत आपल्याच प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते पाहावे. आपल्या मुलाचे अपेक्षित गुण त्याहून बरेच वर असतील तर कॉलेज खात्रीचे, जवळपास असतील तर साजेसे, खाली असतील तर अवघड. मात्र सीईटीचा आकडा पर्सेंटाईलमध्ये असतो, तो शेकडा गुण समजू नये. ८० पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली सुमारे ऐंशी मुले आपल्या बरोबर किंवा मागे. पेपरात १०० पैकी ८० पडले असा त्याचा अर्थ होत नाही. या एका गोष्टीवरून गट कार्यालयात किती वाद झाले, काय सांगावे!

आता एक प्रत्यक्ष यादी सांगतो. आमच्या गटातील एका सभासदाची मुलगी, बारावी कॉमर्स. वडिलांची एक डोळा पद्धतीच्या रोपांची रोपवाटिका आहे आणि दहावीपासून तिचा हिशेब हीच ठेवते. एके दिवशी वही घेऊन आली आणि म्हणाली, “काका, रोपांत तोटा नाही, उधारीत आहे.” तिने खरोखरच प्रत्येक गावाची उधारी वेगळी मांडली होती. व्यापाराकडे ओढा आहे की नाही हे ओळखायला मला आणखी काही लागले नाही.

अवघड म्हणून तिने दोन नावे घेतली. एक, इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम. तो २०११ पासून आहे, बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो, परीक्षा गणित आणि इंग्रजीची. फी मोठी आहे, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायची सोय आहे. दुसरे, दिल्लीचे श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स. दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी परीक्षेवर होतात. ती परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते, शिकवणे मात्र इंग्रजीत. वडील म्हणाले, “साहेब, पोरीला दिल्लीला?” मी म्हटले, आधी जागा तर मिळू दे. दाखल्याचा घोळ इथे लक्षात ठेवावा. केंद्राच्या नियमाने पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असलेल्या कुटुंबाला आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा, दाखला मिळत नाही. राज्यातल्या सवलती राज्याबाहेर चालतील असे धरू नये.

साजेशा गटात पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय ठेवले, बी.कॉम.साठी. तिथे चुरस मोठी असते, म्हणून ते अवघडमध्ये टाकावे की काय यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. त्याशिवाय पुणे-कोल्हापूरकडची बीबीएची तीन कॉलेजे. २०२४ पासून राज्यात बीबीए, बीएमएस, बीसीएसाठी सीईटी सुरू झाली. इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान व संगणकाची प्राथमिक माहिती एवढाच पेपर. त्या पहिल्या वर्षी कित्येक मुलांना परीक्षेचा पत्ताच नव्हता, पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली, तरी पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या. बारावीला नव्वद टक्के पडूनही सीईटी दिली नाही तर या फेऱ्यांत नाव येत नाही. पसंतीक्रम लिहिताना भिऊ नये. वर अवघड नाव लिहिले म्हणून खालचे हातचे जात नाही. पण पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले की ती जागा पक्की धरतात, पुढच्या फेरीत बदल नाही. तेव्हा जिथे जायचेच नाही असे नाव हौसेने पहिले लिहू नये. नियमांची पुस्तिका दरवर्षी नवी निघते, ती वाचावी.

खात्रीची दोन : सांगलीचे चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय आणि आपल्या तालुक्याचे कॉलेज, दोन्हीकडे बी.कॉम. खात्रीचे नाव असे हवे, की वेळ आली तर मूल तिथे आनंदाने जाईल. नुसते यादीची जागा भरायला लिहिलेले नाव उपयोगाचे नाही. त्यासाठी स्वतः जाऊन यावे. कायम शिक्षक किती, हिशेब आणि जीएसटी प्रत्यक्ष करून घेतात का, हे कचेरीत न विचारता तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. ही मुलगी गेली होती. सांगलीला हळदीचा बाजार हाकेवर आहे, ही गोष्ट तिनेच हेरली.

आता पैशाचे. तीन एकर ऊस, एकरी ४५ टन, टनाला ३,२०० रुपये धरले तर बिल ४,३२,०००. लागवड, खत, पाणी, सोसायटी वजा जाता निम्मे उरले तरी नशीब. आडसाली असेल तर हे बिल दर वर्षी येतही नाही. पुण्यात राहणे-जेवण महिना दहा हजार धरले तर दहा महिन्यांचे एक लाख, फी वेगळी. म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे तीन वर्षांचा एकूण आकडा लिहावा. केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी व ओबीसी घरांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख भत्ता आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर शुल्कसवलत विसरा. आमच्या घरचा अनुभव वर सांगितलाच.

ज्यांची मुले आता दहावीत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. कृषी विद्यापीठांचा कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम आपल्या मुलांना फार जवळचा आहे, पण त्याला अकरावी-बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी लागते. कॉमर्स घेतले की ते दार बंद. आमच्या या मुलीला हे उशिरा कळले. मी कृषी पदविकाधारक असून वेळेवर सांगितले नाही, याची चुटपुट आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात इंदूर झाले नाही, दिल्लीही नाही. बृहन्महाराष्ट्रची यादी थोड्या गुणांनी हुकली. दुसऱ्या फेरीत पुण्याच्या एका बीबीएला जागा लागली, सांगलीची बी.कॉम.ची जागा तर आधीपासून हातात होती. वडिलांचा कल पुण्याकडे, माझाही. मुलीने दोन्ही आकडे वहीत समोरासमोर लिहिले, रोपवाटिकेचा हिशेब सोडून गेले तर उधारी किती बुडेल तेही लिहिले, आणि सांगली घेतली. पुढे पुण्याच्या वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्थेत किंवा गुजरातेत आणंदला पदव्युत्तर शिक्षणासाठी बसायचे तिने ठरवले आहे. तेव्हाची यादी ती स्वतः करील.

प्रवेश परीक्षांचे फॉर्म साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ऐन गळितात निघतात. त्या दिवसांत आपण फडात आणि टोळीच्या मागे असतो. म्हणून उत्पन्न, नॉन क्रिमीलेअर, अधिवास यांच्या दाखल्यांचे अर्ज दिवाळीतच टाकावेत. यादी घेऊन यायचे असेल तर सोमवारी व गुरुवारी दुपारी तीननंतर मी गट कार्यालयात असतो. येताना मुलालाही सोबत आणावे, नुसते वडील आले तर मी परत पाठवतो.