गीता अध्याय ६, श्लोक ३४-३५ : वारा आणि मॉनिटर

मंडळी, आजच्या श्लोकांत अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत, हे मला फार आवडतं. आधी ‘खरंय’ म्हणतात, मग दोनच उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य.

आमची लेक ३० व्या आठवड्यात आली, १२५० ग्रॅमची. एनआयसीयूत माझं मन मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याला चिकटलेलं. इंजिनिअर माणूस, १०० हवेत असंच वाटणार! पण ऑक्सिजन लावलेल्या अशा बाळाला साधारण ९० ते ९५ मध्येच ठेवतात. जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. मेंदूने श्वास घ्यायला विसरू नये म्हणून कॅफीन देतात. (हो, आपल्या कॉफीतलंच.)

सिस्टर म्हणाल्या, “दादा, मॉनिटर आम्ही बघतो. तुम्ही बाळाकडे बघा.” वैराग्य म्हणजे काय ते मला तिथे कळलं. माया सोडायची नाही, आकड्यावरची पकड सोडायची.

आणि अभ्यास? कोपरापर्यंत हात धुणं. बायकोचं दर दोन-तीन तासांनी दूध काढणं, त्यातलं २ मिली नळीतून पोटात जाणं. मग कांगारू केअर : माझ्या उघड्या छातीवर ती, वर चादर. अलार्म वाजला की मन पळतंच. तिच्या एकेका श्वासाबरोबर नाम घेत परत आणायचं.

सोळाव्या दिवशी ती जन्माच्या वजनावर परत आली. श्वास अजून मध्येच थांबतो.

उद्या श्लोक ३६.