दोन हजारांचा टीव्ही साडेचार हजारांना

दिवाळीच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो: चोवीस इंची टीव्ही, चालू स्थितीत, दोन हजार. आईच्या खोलीसाठी मी असाच एक उचलला. भिंतीवरचा ब्रॅकेट चारशे, फ्री डिशचा बॉक्स आणि छत्री बसवून अठराशे, वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड तीनशे. आईला मालिका दिसेपर्यंत साडेचार हजार झाले.

नवा 32 इंची एचडी रेडी टीव्ही साधारण आठ-दहा हजारांपासून मिळतो. म्हणून माझा हिशेब असा: जुन्याची किंमत नव्याच्या पाव हिश्श्याच्या वर गेली की नमस्कार करून निघावं. जोडणीचा खर्च दोन्हीकडे बहुतेक तेवढाच येतो, आणि जुन्याला वॉरंटी नसते.

घेण्याआधी टीव्ही निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. पडदा तापल्यावरच खरी दुखणी दिसतात. एखादा पांढरा फोटो पूर्ण पडद्यावर लावला की डाग आणि मेलेले ठिपके लपत नाहीत. उभी रेघ दिसली तर पुढे बोलूच नका. ते पॅनेलचं दुखणं, आणि पॅनेल बदलायचं तर नवा टीव्ही परवडतो. आवाज येतोय पण पडदा काळा असेल, आणि टॉर्च मारल्यावर चित्र पुसट दिसत असेल, तर बॅकलाइट गेलाय. एलईडी सेट असेल तर पट्ट्या बदलून काम भागतं. मेकॅनिकचा आकडा आधी विचारून तो किमतीतून वजा करा. टीव्ही टिकटिक करत दोन मिनिटांनी सुरू होत असेल, तर बऱ्याचदा पॉवर सप्लायमधला एखादा कंडेन्सर फुगलेला असतो. ही दुरुस्ती स्वस्त आणि घासाघीस करायला उत्तम.

माझी चूक वेगळीच झाली. टीव्ही कपाटाच्या वर, उंच लावला. जुन्या स्वस्त पॅनेलांपैकी अनेकांचं चित्र समोरून ठीक, पण खालून पाहिलं की काळवंडतं. आई पलंगावर आडवी झाली की बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा निगेटिव्हसारखा दिसायचा. ब्रॅकेट उतरवून परत खाली ठोकावा लागला. तेव्हा दुकानात किंवा शेजाऱ्यांकडे जमिनीवर बसून, कडेने, सगळीकडून पाहा. लोक हसले तर हसू द्यात.

मागच्या बाजूला एचडीएमआयची किती भोकं आहेत ते मोजा. एकच असेल आणि त्यात सेट टॉप बॉक्स बसला, तर यूट्यूबच्या स्टिकला जागा उरत नाही. बॉक्सला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर तो तिकडे वळवता येतो. चित्र थोडं मऊ दिसतं, चोवीस इंचांवर चालून जातं. छपरावरचा जुना अँटेना मात्र विसरा. दूरदर्शनने जमिनीवरचे बहुतेक सगळे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केलेत. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, पण छत्री आग्नेयेकडे, मोकळ्या आभाळाकडे बसावी लागते. फ्लॅटला फक्त पश्चिमेची बाल्कनी असेल तर गच्चीची परवानगी आधी काढा.

वीज? चोवीस इंची एलईडी साधारण 30 वॅट. रोज पाच तास म्हणजे महिन्याला साडेचार युनिट. आठ रुपयांनी 36 रुपये. जुना ट्यूबलाइटवाला 32 इंची एलसीडी 120 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे 18 युनिट, 144 रुपये. फुकट मिळाला तरी हा मोठा भाऊ नको. गंमत पुढेच आहे: रिमोटने बंद केलेले बरेच सेट टॉप बॉक्स आतून जागेच असतात. दहा वॅट धरले तरी दिवसरात्र मिळून महिन्याला सात युनिटांच्या वर. टीव्हीपेक्षा त्याची राखणच महाग! भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा.

डबा टीव्ही, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला, आता कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, त्यामुळे टाकायचा झाला तर भंगारवाल्याकडे नाही, अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्यावा लागतो.

आवाजाचं काय करायचं, हे मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. सडपातळ सेटचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढल्यावर थोडा उघडा वाटला. आईचं म्हणणं, आवाज ठीक आहे, ती दोन रिमोट सांभाळायची कटकट काढ. डीटीएचचे काही रिमोट टीव्हीचं चालू-बंद आणि आवाजाचं बटण शिकून घेतात. आमच्या फ्री डिश बॉक्सचा शिकत नाही. म्हणून टीव्हीच्या रिमोटवर आवाज आणि चालू-बंद सोडून बाकी सगळ्या बटणांवर मी चिकटपट्टी लावलीय.