हलक्या मोटारीसाठी स्प्रिंगची निवड

मोटारगाडी घ्यावयाची ती कारखान्यातून पूर्ण तयार झालेली, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. इंग्लंडमध्ये मात्र सुट्या भागांचा संच विकत घेऊन आपल्या घरच्या गॅरेजमध्ये गाडी जुळविण्याची हौस दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात चांगलीच रुजली. तिला करांच्या कायद्यानेही हातभार लावला. तयार गाडीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या संचावर तो पडत नसे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेली लोटस सेव्हन ही अशा गाड्यांतील सर्वांत प्रसिद्ध. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. सवलत गेली तरी हौस टिकली, आणि सेव्हनच्या घाटाच्या गाड्या आजही घरोघरी जुळविल्या जातात.

अशी गाडी जुळविणाऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. गाडीला स्प्रिंग किती कडक घालावी? कारखान्याच्या गाडीत हा निर्णय अभियंत्यांनी आधीच घेतलेला असतो. घरी जुळविलेल्या दोन गाड्या मात्र कधीच सारख्या नसतात. कोणी जड इंजिन बसवितो, कोणी बॅटरी मागे नेतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीला शोभलेली स्प्रिंग आपल्याही गाडीला शोभेल याची शाश्वती नाही. चूक झाल्यास केवळ पाठीला हिसके बसतात असेही नाही. खडबडीत वळणावर अति कडक स्प्रिंगचे चाक रस्त्यावरून उचलले जाते, आणि जे चाक रस्त्याला टेकलेले नाही ते गाडीला वळवूही शकत नाही व थांबवूही शकत नाही.

या गाड्यांत बहुधा ‘कॉइलओव्हर’ नावाची जोडणी वापरतात. मध्ये नळीसारखा शॉक अॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती वेटोळ्यांची स्प्रिंग, अशी ही रचना. स्प्रिंग गाडीचा भार तोलते. शॉक अॅब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते व स्प्रिंगचे हेलकावे शांत करते. नळीवर आटे पाडलेले असतात आणि त्यांवर फिरणाऱ्या कड्यावर स्प्रिंगचे एक टोक टेकते.

या कड्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. कडे वर चढविले की स्प्रिंग कडक होते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. स्प्रिंगवर गाडीचा जो भार आहे तो तेवढाच राहतो, म्हणून स्प्रिंग पूर्वीइतकीच दबलेली राहते. फक्त गाडी वर उचलली जाते. कडकपणा ठरतो तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवरून. तो बदलावयाचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

मग कोणती स्प्रिंग घ्यावी? येथे कडकपणाऐवजी गाडीच्या हेलकाव्यांच्या कंप्रतेपासून, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहते येथपासून, आरंभ करणे शहाणपणाचे. सुखासीन घरगुती गाडीत ही कंप्रता १ ते दीडच्या आसपास असते. रस्त्यावर चालवावयाच्या हलक्या क्रीडा-मोटारीला दीड ते दोन पुरेशी होते. हवेच्या दाबाने जमिनीकडे रेटल्या जाणाऱ्या शर्यतीच्या गाड्या ३ च्याही वर जातात, परंतु त्यांचे मार्ग गुळगुळीत असतात. गावाकडच्या रस्त्यासाठी त्यांची नक्कल करणे म्हणजे पहिलवानाचा खुराक पाहुण्याच्या पानात वाढण्यासारखे आहे.

कंप्रता आणि स्प्रिंगचे दबणे यांचा संबंध सोपा आहे. ५ ला कंप्रतेने भागावे व येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा; गाडीच्या स्थिर भाराखाली चाकापाशी किती सेंटिमीटर दबणे हवे ते निघते. पुढच्या चाकांसाठी १.६ ही कंप्रता धरली तर उत्तर सुमारे ९.७ सेंटिमीटर येते, मागच्यांसाठी १.८ धरली तर ७.७.

मागची कंप्रता थोडी अधिक का? रस्त्यातील उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि मग मागच्यांना. सेव्हनच्या दोन आसांत सुमारे सव्वादोन मीटर अंतर असते. ताशी ६० किलोमीटर वेगाला हा उशीर ०.१३ सेकंद पडतो. मागचा भाग किंचित जलद हलणारा असला तर तो पुढच्याला गाठतो, आणि गाडी नाक खाली-वर न करता सपाट हलते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये केलेल्या प्रयोगांतून हे तत्त्व पुढे आले.

आता एक उदाहरण घेऊ. चालकासह गाडीचे वजन ६४० किलोग्रॅम आहे आणि प्रत्येक पुढच्या चाकावर १४४, मागच्यावर १७६ किलोग्रॅम येतात, असे समजा. यातून स्प्रिंगच्या खाली असलेले वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेक व मागचा अखंड आस यांचा वाटा, वगळावा लागतो. ते वजन स्प्रिंग तोलीत नाही. पुढे २४ व मागे ४० वजा केल्यावर १२० आणि १३६ किलोग्रॅम उरतात. पुढे १२० ला ९.७ ने भागले की चाकापाशी सेंटिमीटरला सुमारे १२.४ किलोग्रॅम एवढा कडकपणा हवा. मागे तो १७.७ येतो.

पण स्प्रिंग चाकापाशी नसते. ती पुढच्या बाजूला भुजेच्या मध्येच कोठेतरी व तिरपी बसविलेली असते. चाक १० मिलिमीटर उचलले असता ती ७ मिलिमीटरच दबते, असे धरू. म्हणजे स्प्रिंगचे दबणे ०.७ पट झाले. शिवाय तिचे बल तरफेच्या नियमाने चाकापर्यंत पोचताना पुन्हा ०.७ पटच उरते. हे प्रमाण असे दोनदा लागू होते, म्हणून त्याचा वर्ग करावयाचा : ०.४९. तेव्हा पुढची स्प्रिंग १२.४ भागिले ०.४९, म्हणजे सेंटिमीटरला सुमारे २५ किलोग्रॅमची हवी. मागे स्प्रिंग आसावर जवळजवळ सरळ उभी, प्रमाण ०.९५ धरले तर १९.६ पुरते. इंग्लंडमधील दुकानात स्प्रिंगा इंचाला किती पौंड या मापाने मिळतात. त्या हिशेबात या अनुक्रमे १४० व ११० होत.

हा निष्कर्ष नीट पाहण्यासारखा आहे. चाकापाशी पुढचा भाग मऊ आहे, आणि तरीही स्प्रिंग मात्र पुढचीच अधिक कडक. केवळ स्प्रिंगवर छापलेला आकडा वाचून गाडीविषयी मत बनविणारे येथेच फसतात. हे प्रमाण अंदाजाने कधीही घेऊ नये. स्प्रिंग काढून नुसता शॉक अॅब्सॉर्बर जागेवर ठेवावा, चाक जॅकने दहा-दहा मिलिमीटर उचलावे आणि प्रत्येक वेळी त्याची लांबी मोजून लिहून ठेवावी. एका संध्याकाळचे काम आहे.

लांबीचाही विचार हवा. वरील पुढची स्प्रिंग स्थिर भाराखाली ६.८ सेंटिमीटर दबते. चाकाला आणखी ६ सेंटिमीटर वर जाऊ द्यावयाचे तर ती आणखी ४.२, म्हणजे एकूण ११ सेंटिमीटर दबली पाहिजे, आणि तेवढे दबूनही तिची वेटोळी एकमेकांना भिडता कामा नयेत. आतला व्यासही शॉक अॅब्सॉर्बरशी जुळावा लागतो, १.९ व २.२५ इंच ही तेथील रूढ मापे.

हलक्या गाडीत माणसांचे वजन नगण्य नसते. ७५ किलोग्रॅमचा एक सोबती शेजारी बसला आणि त्यातील ५५ मागच्या आसावर आले, तर मागचा भाग सरासरी दीड सेंटिमीटर खाली बसतो व मागची कंप्रता १.८ वरून १.६ च्या जवळ येते. जो नेहमी जोडीने फिरतो त्याने हिशेबही जोडीचाच करावा.

स्प्रिंग बदलली की शॉक अॅब्सॉर्बरचाही विचार ओघानेच येतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर हेलकावे पूर्वीसारखेच शमविण्यासाठी अवमंदन सुमारे १.४ पट लागते. जुन्याच शॉक अॅब्सॉर्बरवर कडक स्प्रिंग चढविली तर गाडी उंचवट्यानंतर झुलत राहते, आणि दोष मात्र बिचाऱ्या स्प्रिंगला दिला जातो.

शेवटी ती कडी. चार पायांच्या टेबलाचा एक पाय किंचित लांब असला तर भार त्या पायावर आणि त्याच्या समोरच्या कर्णावरील पायावर जातो. गाडीचेही तसेच. म्हणून चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाएवढी पोती ठेवून, चारही चाकांखाली वजनकाटे घालून मगच कडी फिरवावीत, आणि प्रत्येक फेरबदलानंतर गाडी थोडी पुढेमागे ढकलून पुन्हा वजने घ्यावीत. टायर जागच्या जागी अडकून राहिले तर काटे खोटे बोलतात.