लहान ट्रॅक्टरसाठी पाते निवडताना

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात बर्फ पडत नाही. नाशिक, नागपूर वा सोलापुरातही पडत नाही. तरीसुद्धा थंड प्रदेशातील शेतकरी आपल्या लहान ट्रॅक्टरला बर्फ हटविण्याचे साधन कसे निवडतो, हे जाणून घेणे आपल्या शेतकरी बांधवांना लाभदायक ठरेल. त्याच्या दारात बर्फ साचतो, तर आपल्या शिवाररस्त्यावर चिखल साचतो. महाराष्ट्रात 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली आणि 2023 साली तिला पुन्हा चालना मिळाली. तेव्हापासून धरणातील गाळ शेतात पसरविण्याचे कामही अनेक गावांत होऊ लागले. या दोन्ही कामांसाठी ट्रॅक्टरमागे लावावयाचे पाते विकत घेतले जाते. परंतु ते चुकीचे निवडले गेल्यास पैसा वाया जातो आणि प्रसंगी चालकाच्या जिवावर बेतते.

साधनांचे प्रकार

बर्फाच्या प्रदेशात चार साधने प्रामुख्याने वापरली जातात. पहिले मागे जोडावयाचे पाते, दुसरे पुढे बसविलेले पाते, तिसरे लोडरचे बकेट आणि चौथे बर्फ दूर फेकणारे यंत्र. या चौथ्या यंत्रातील फिरते मळसूत्र बर्फ गोळा करते व मागील पंखा तो नळीवाटे बाजूला भिरकावतो. लहान ट्रॅक्टरवर हे यंत्र ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ.वर, चालते. मागील पाते मात्र केवळ तीन-बिंदू जोडणीवर उचलले जाते. त्यास फिरता भाग नसल्याने किंमत व देखभाल कमी लागते. आपल्याकडील कामांस हेच साधन बहुधा पुरेसे होते.

वजनाचा हिशेब

एक मीटर रुंद, दहा मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे एक घनमीटर. हा थर ताज्या, भुसभुशीत बर्फाचा असल्यास त्याचे वजन साधारणतः 100 किलो भरते. ओल्या मातीचा असल्यास तेच वजन सुमारे 1700 किलो होते. लहान ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन बहुधा टनाच्या आतबाहेर असते. ट्रॅक्टर किती रेटा देऊ शकेल, हे इंजिनाच्या अश्वशक्तीइतकेच चाकांवरील वजनावर आणि जमिनीच्या पकडीवर अवलंबून असते. म्हणून बर्फाचा जाड थर एका फेरीत सरकविणारे पाते पाहून चिखलात तसाच प्रयोग करणे चुकीचे होय. गाळ पातळ थरांत, अनेक फेऱ्यांत सरकवावा.

वेळेच्या बाबतीत तर नियम नेमका उलटा आहे. बर्फ ताजा असतानाच काढावा लागतो, कारण तुडवला गेल्यावर त्याचा कठीण थर बनतो. काळ्या जमिनीत मात्र वाफसा येईपर्यंत थांबावे. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घातल्यास चाके रुततात आणि जमीन दबून तिचा पोत बिघडतो.

पात्याची रुंदी

पाते तिरपे केल्यास माती एका बाजूस वाहून जाते. परंतु त्याची झाडण्याची रुंदी घटते. 1.2 मीटर लांबीचे पाते 30 अंशांनी तिरपे केले, तर ते केवळ 1.04 मीटर पट्टा साफ करते. ट्रॅक्टरच्या दोन्ही मागील चाकांच्या बाहेरील कडांमधील अंतर एक मीटर असेल, तर हे पाते पुरेसे आहे. अंतर 1.1 मीटर असेल, तर चाकांच्या खुणा साफ पट्ट्याबाहेर राहतील. त्याउलट वाजवीपेक्षा लांब पाते घेतल्यास ट्रॅक्टर दमतो व चाके घसरतात. खरेदीस निघण्यापूर्वी हे अंतर टेपने मोजून लिहून घ्यावे.

मागे वजन लटकले की पुढील चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट लागत नाही. औजार उचललेले असताना ट्रॅक्टरच्या मूळ वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढील चाकांवर राहावा, असा संकेत आहे. तो राहत नसल्यास पुढे वजने लावावीत.

सुरक्षितता

रोटाव्हेटर किंवा पी.टी.ओ.वर चालणारे अन्य औजार जोडावयाचे झाल्यास अधिक दक्षता हवी. हा दांडा मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. त्याचा घेर 20 सेंटिमीटर धरला, तर एका सेकंदात सुमारे पावणेदोन मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, उपरणे अथवा साडीचा पदर अडकल्यास माणसाला हात काढण्यासही अवधी मिळत नाही. दांड्यावरील संरक्षक आवरण कधीही काढू नये. औजारात काही अडकल्यास इंजिन बंद करून, दांडा थांबल्यावरच हात घालावा. मागील पात्याने माती ढकलताना ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. अशा वेळी मुले व जनावरे मागे नाहीत याची खात्री करावी. रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढताना मागच्या आसापेक्षा उंच ठिकाणी साखळी बांधून ओढ घेऊ नये. ओढणारा ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

खरेदीपूर्वी

औजारांच्या चाचणीची सोय आपल्या देशात आहे. भोपाळच्या उत्तरेस बेरसिया मार्गावर नबीबाग येथे 1976 साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था औजारांचे संशोधन करते. 1955 साली सुरू झालेली बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टर व कृषियंत्रांच्या चाचण्या घेते. विक्रेत्याकडे चाचणी अहवालाची मागणी करण्यात संकोच बाळगू नये. महाराष्ट्रात औजारांवरील अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केल्यास अनुदानास मुकावे लागते. वर्षातून चार-सहा दिवसच काम असेल, तर औजार बँकेतून पाते भाड्याने घेणे हितावह ठरते.

सारांश, प्रथम काम ठरवावे, मग माती पाहावी, त्यानंतर ट्रॅक्टर मोजावा आणि सर्वांत शेवटी किंमत विचारावी. दुकानात हा क्रम बहुधा उलटा होतो, व कर्ज काढून घेतलेले औजार गोठ्यामागे गंजत पडते.

शिक्षकांसाठी

एक लिटरच्या डब्यात प्रथम कोरडा भुसा व नंतर ओली माती भरून विद्यार्थ्यांकडून दोहोंचे वजन करवून घ्यावे. गावातील एखाद्या ट्रॅक्टरच्या चाकांचे अंतर मोजून, 30 अंशांनी तिरपे केलेले पाते किती लांबीचे हवे, हे त्यांना काढावयास सांगावे. मापनाचा हा धडा मुले घरी घेऊन गेली, तर त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.