आईने ॲप का सोडलं?

प्रश्न : आई ७२ वर्षांची. मेंदूच्या व्यायामाचं ॲप तिने आठवड्यात सोडलं. आता आम्हीच तसं ॲप बनवतोय. काय सांभाळावं?

उत्तर : आधी उलटं धावणारं घड्याळ काढा. सेकंद सरू लागले की बोट घाईत भलत्याच चौकटीवर पडतं आणि वर लाल फुली! कोण पुन्हा उघडेल? बटणं ऐसपैस हवीत. बक्षिसाच्या ताऱ्यांचं अप्रूप नातवंडांना. आईला कालच्यापेक्षा आज काय जास्त जमलं ते साध्या मराठीत सांगा. खेळ ओळखीचे ठेवा : भाजीचा हिशेब, शब्दकोडं. सरावाने त्या खेळात हात बसतो, पण म्हणून हरवलेल्या किल्ल्या आठवतीलच असं नाही. तेव्हा ‘विसराळूपणा पळवा’ अशी जाहिरात नको. तसल्याच दाव्यांपायी ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या व्यायामाच्या ॲपच्या कंपनीला २०१६मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.