वस्तीतील युवक-कार्यकर्ता : प्रशिक्षण आणि पाठबळ

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी शिकागो शहरातील बालन्यायालयाच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कारखान्यांलगतच्या गरीब वस्त्यांतील रहिवासी काळानुसार बदलत होते. जर्मन व आयरिश कुटुंबे जाऊन त्यांच्या जागी पोलिश व इटालियन कुटुंबे आली. परंतु बालगुन्हेगारीचे प्रमाण तेथे चढेच राहिले. म्हणजे दोष कोणत्याही एका जमातीत नव्हता, तर वस्तीच्या विस्कळीत जीवनात होता. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे विवेचन आले आहे.

दुखणे वस्तीचे असेल, तर उपायही वस्तीनेच केला पाहिजे, अशी शॉ यांची धारणा होती. त्यांनी १९३०च्या दशकात ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ हा उपक्रम हाती घेतला. पोलाद कारखान्यांजवळील रसेल स्क्वेअर ही त्यातील एक आरंभीची वस्ती होय. तेथे रहिवाशांची समिती स्थापन झाली व मुलांमध्ये काम करण्यासाठी परिसरातीलच तरुण पुढे आणले गेले. नाक्यावरच्या टोळक्यांत मिसळणे, सुधारगृहातून परतलेल्या मुलाला पुन्हा समाजात स्थान मिळवून देणे, हे त्यांचे काम. अशा अप्रशिक्षित माणसांवर ही जबाबदारी सोपवू नये, असा आक्षेप व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांनी घेतला.

हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. स्थानिक कार्यकर्त्याची जवळीक हेच त्याचे बळ असते आणि तोच त्याच्यावरील भारही असतो. बाहेरून येणारा कार्यकर्ता सायंकाळी घरी जातो. स्थानिकाचे दार मात्र मध्यरात्रीही ठोठावले जाते. चोरीची कबुली देणारा मुलगा कदाचित त्याच्याच चुलत्याचा असतो.

म्हणून केवळ प्रारंभीच्या व्याख्यानांनी भागत नाही. थोडे शिक्षण, मग प्रत्यक्ष काम आणि दर आठवड्याला अनुभवी मार्गदर्शकाशी मोकळी चर्चा, असा क्रम ठेवावा. कोणती गोष्ट गुप्त राखता येईल आणि जीवितास धोका असल्यास कोणती सांगावीच लागेल, हे आधीच ठरवावे व मुलांनाही स्पष्टपणे सांगावे. शक्यतो दोघांनी मिळून काम करावे. वेतन नियमित असावे, सुटी हक्काची असावी.

या गोष्टींना संस्था पुष्कळदा अनावश्यक खर्च मानतात. पण थकलेला कार्यकर्ता काम सोडून जातो, तेव्हा ज्या मुलांना यापूर्वीही मोठ्या माणसांनी वाऱ्यावर सोडले होते, त्यांच्या वाट्याला तोच अनुभव पुन्हा येतो. अंदाजपत्रक आखताना मार्गदर्शकाचे तास प्रथम मांडावेत, ते याचसाठी.